शब्द पाठ करायचे नसतात, ओळखीचे करायचे असतात

(महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला 'परदेशी शिक्षणाची तयारी' हा विषय दिला होता. तो एका तासात संपणारा नाही. अर्ज, शिष्यवृत्ती, शिफारसपत्रं, व्हिसा यावर बोलणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक आहेत. मी त्यातला एकच तुकडा उचलते. जीआरई नावाच्या परीक्षेत जे अवघड इंग्रजी शब्द येतात, ते शिकायचे कसे? हाच तुकडा निवडला, कारण मी तिथेच आपटले होते.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी बार्शीची. अब्बांचं शिलाईचं दुकान आहे, अम्मी घरी काजबटणाचं काम करते. घरात आम्ही दखनी बोलतो. दहावीपर्यंत माझी शाळा मराठी. संध्याकाळी मकतबमध्ये अरबी अक्षरं आणि थोडी उर्दू शिकले. मग इंजिनीअरिंगला पुण्यात आले आणि सगळंच इंग्रजीत सुरू झालं. इथे बसलेल्या अनेकांची गोष्ट अशीच असणार. आपल्याला चार भाषा येतात आणि प्रत्येक भाषेत कोणीतरी सांगतं की तुमची भाषा बरोबर नाही. मराठी मैत्रिणी म्हणायच्या, "अय्या, तुझं मराठी किती छान आहे गं!" म्हणजे ते छान असेल अशी अपेक्षाच नव्हती. उत्तरेकडून आलेल्या एक शेजारीण खाला आमची दखनी ऐकून हसायच्या. आणि इंग्रजीचं काय झालं ते आता सांगते.

दुसऱ्या वर्षाला वर्गात मला एक विषय मांडायचा होता. त्यात एक शब्द होता, सूक्ष्म फरकासाठी वापरतात तो. मी तो आयुष्यात कधी ऐकला नव्हता, फक्त वाचला होता. मी जसा दिसतो तसा वाचला, 'सबटल'. वर्ग हसला. सरही हसले. त्यातला 'ब' बोलत नाहीत, तो 'सटल' आहे, हे मला संध्याकाळी कळलं. त्या दिवशी मी ठरवलं की यापुढे इंग्रजी तोंडातून काढायचं नाही. वाचायचं, लिहायचं, पण मनातल्या मनात. हा निर्णय मला फार महाग पडला.

आता परीक्षेबद्दल दोन मिनिटं. जीआरई ही अमेरिकेतली ईटीएस ही संस्था घेते. अमेरिकेत आणि इतर काही देशांत पदव्युत्तर शिक्षणासाठी तिचे गुण बघतात. अनेक विद्यापीठांनी ती आता ऐच्छिक केली आहे, त्यामुळे फी भरण्याआधी आपल्या अभ्यासक्रमाला ती लागते का हे नक्की तपासा. भाषा आणि गणित या दोन भागांना प्रत्येकी 130 ते 170 असे गुण मिळतात, शिवाय एक निबंध लिहावा लागतो. मी दिली तेव्हा परीक्षा पावणेचार तासांची होती. सप्टेंबर 2023 पासून ती 1 तास 58 मिनिटांची झाली आहे. त्यात भाषेचे 27 प्रश्न, 41 मिनिटांत. साधारण निम्मे प्रश्न उताऱ्यांवर असतात आणि बाकीचे वाक्यातल्या रिकाम्या जागांवर. शब्दांची खरी कसोटी त्या रिकाम्या जागांमध्ये लागते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. 2011 पर्यंत या परीक्षेत सुटा शब्द देऊन त्याचा विरुद्धार्थी शब्द विचारायचे. तेव्हा याद्या पाठ करणाऱ्यांचं थोडंफार भागत असे. ऑगस्ट 2011 मध्ये तो प्रकार बंद झाला. आता शब्द विचारतात ते वाक्यात. परीक्षा बदलली, पण आपल्याकडच्या तयारीची रीत बदलली नाही. सीनियरकडून ज्युनियरकडे त्याच याद्या फिरत राहिल्या. माझ्याकडे आली ती 3500 शब्दांची यादी होती, झेरॉक्सची झेरॉक्स, काही अक्षरं पुसलेली.

मी ती यादी इंजिनीअरिंगच्या पुस्तकात लपवून वाचायचे. खोलीतल्या दोघी इंग्रजी माध्यमाच्या होत्या. त्यांनी बघितलं तर काय म्हणतील, ही भीती. एक इंग्रजी शब्द, समोर एक मराठी शब्द. सँग्विन म्हणजे आशावादी. सँक्शन म्हणजे मंजुरी. चेक म्हणजे तपासणी. ओठ न हलवता, आवाज न करता. चार महिन्यांत मी दीड हजार शब्द 'पूर्ण' केले आणि 2016 च्या जुलैमध्ये परीक्षेला बसले.

भाषेत मला 144 मिळाले. गणितात चांगले होते, पण भाषेचा आकडा बघून माझे हातपाय गार पडले. परीक्षेची फी अब्बांनी दिवाळीच्या सीझनच्या कमाईतून बाजूला ठेवली होती. इंटरलॉकचं नवं मशीन घ्यायचं होतं, ते त्यांनी पुढे ढकललं होतं. आज तर ही फी वीस हजारांच्या वर आहे. ज्या घरात एवढी रक्कम म्हणजे एखादं मशीन असते, त्या घरातल्या मुलीला 'पुन्हा एकदा देऊन बघते' असं सहज म्हणता येत नाही.

माझं चुकलं काय? परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायचे नसतात, तो नियम आहे. पण चुकीचा प्रकार सांगते. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी हे मला पाठ होतं. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ निर्बंध, शिक्षा असाही आहे. बातम्यांत एखाद्या देशावर 'सँक्शन्स' लादले म्हणतात, ते हेच. वाक्यात निर्बंध हवा असेल आणि तुम्ही मंजुरी धरून बसला असाल, तर तुमचं उत्तर नेमकं उलट जातं. 'चेक' म्हणजे रोखून धरणं. 'क्वालिफाय' म्हणजे पात्र ठरणं, पण आपल्याच विधानाला मर्यादा घालणं हेसुद्धा. 'पेडेस्ट्रियन' म्हणजे पायी चालणारा, पण विशेषण म्हणून आला तर रटाळ, सामान्य. 'फ्लॅग' म्हणजे झेंडा, पण क्रियापद झाला की थकून ढिलं पडणं.

यात नवल करण्यासारखं काही नाही. आपणही लाच खातो, मार खातो, हवा खातो आणि एखाद्याचं डोकंही खातो. 'खाणे म्हणजे जेवणे' एवढंच पाठ केलेल्या परदेशी माणसाला मराठीत किती गुण मिळतील? माझं इंग्रजी तसं होतं. दीड हजार शब्दांची नावं मला माहीत होती, पण ओळख एकाशीही नव्हती.

निकाल घेऊन मी बार्शीला गेले. अब्बांना सांगितलं. ते सातवी शिकलेले आहेत. ते रागावले नाहीत. म्हणाले, "किसको पूछी क्या अभ्यास करते वखत? कोई लिया क्या तेरा सबक?" कोणी घेतला नव्हता. मी कोणाला घेऊच दिला नव्हता.

शर्टपीसच्या खोक्यात जो पुठ्ठा येतो, तो अब्बांच्या दुकानात ढिगानं असतो. त्यांनी मोठ्या कात्रीनं त्याचे पत्त्याएवढे तुकडे कापून दिले. एका बाजूला मी इंग्रजी शब्द लिहायचे, दुसऱ्या बाजूला मराठी किंवा उर्दू अर्थ आणि एक वाक्य. रात्री दुकान बंद करून आले की अब्बा जेवणानंतर पत्ते हातात घ्यायचे. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. ते अर्थाची बाजू बघून विचारायचे, मी शब्द मोठ्यानं सांगायचा, वाक्य करायचं आणि ते वाक्य दखनीत समजावायचं. त्यांना पटलं तरच पत्ता खाली.

एका रात्री 'बायस' आला. अर्थ लिहिला होता, पक्षपात, एका बाजूला कल. मी समजावत होते आणि ते म्हणाले, "अगे, ये लफ्ज तो मैं सुना हूं. कॅटलॉगमें रहता. बायस बोले तो उरेब."

उरेब! शिवणकाम येणाऱ्यांना हा शब्द माहीत असेल. कापड उभ्याआडव्या धाग्यानं न कापता तिरकं कापायचं, ते उरेब. गळ्याला पायपिंग लावायला उरेब पट्टी लागते, कारण ती ताणते आणि वळते. इंग्रजीत त्या तिरक्या कापालाच 'बायस' म्हणतात. मुळात शब्दाचा अर्थ तिरकेपणा, आणि त्यावरून मनाचा तिरका कल. मी शब्दकोशात पाहिलं, अब्बा बरोबर होते. पट्टी उरेब कापली की ती कितीही सरळ ठेवा, ओढ लागली की एका बाजूला जातेच. पूर्वग्रहाचं याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही.

त्या रात्री माझ्या लक्षात आलं की मी शब्द चुकीच्या जागी शोधत होते. नवा शब्द रिकाम्या डोक्यात टिकत नाही. त्याला आत आधीच बसलेल्या एखाद्या शब्दाचा, कामाचा, प्रसंगाचा हात धरावा लागतो. आणि आपल्याकडे धरायला हात कमी नाहीत. चार भाषा आहेत. ज्या गोष्टीची मला लाज वाटत होती, तीच माझी खरी पुंजी होती.

ती पुंजी वापरायची कशी, ते सांगते.

मकतबमध्ये गेलेल्यांना एक गोष्ट न शिकवता कळलेली असते. अरबी शब्द तीन अक्षरांच्या मुळातून उगवतात. क-त-ब म्हणजे लिहिणं. त्यातून किताब, कातिब, मकतूब, आणि खुद्द मकतब. इल्म, आलिम, मालूम, मुअल्लिम ही सगळी एका घरातली भावंडं. आमच्या गावात पैलवान जिथे घुमतात ती तालीमसुद्धा त्याच घरातली. इंग्रजीतले अवघड शब्द बहुतेक लॅटिन आणि ग्रीकमधून आले आहेत आणि त्यांचीही अशीच घरं आहेत. 'लोक्व' म्हणजे बोलणं. एलोक्वेंट म्हणजे प्रभावी बोलणारा, लोक्वेशस म्हणजे बडबड्या, कलोक्वियल म्हणजे बोलीतलं, सर्कमलोक्यूशन म्हणजे आडवळणानं बोलणं. एक मूळ कळलं की चार शब्द हाती लागतात.

उपसर्गही तसेच. 'मॅल' म्हणजे बद. 'डिक्शन' म्हणजे उच्चार, बोल. तर मॅलेडिक्शन म्हणजे काय? बददुवा. अगदी तंतोतंत. 'बेने' म्हणजे चांगलं, 'व्होल' म्हणजे इच्छा. बेनेव्होलंट म्हणजे खैरख्वाह, मॅलेव्होलंट म्हणजे वाईट चिंतणारा. हे शब्द मला पुन्हा कधी पाठ करावे लागले नाहीत.

पण मुळांवर आंधळा विश्वास ठेवू नका. 'एनर्व्हेट' ऐकायला एनर्जीसारखा वाटतो, पण अर्थ आहे शक्ती काढून घेणं. 'नॉइसम' चा नॉइजशी काही संबंध नाही, त्याचा अर्थ किळसवाणा, विशेषतः वासाच्या बाबतीत. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे रस नसलेला असं वाटतं, पण नेमका अर्थ आहे ज्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाही असा, निःपक्षपाती. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड हवा, पण कंटाळलेला नको. मुळावरून अंदाज करायचा, मग शब्दकोशात खात्री करायची.

काही शब्द तर आपल्याच गल्लीतून तिकडे गेले आहेत. 'नेडर' हा परीक्षेच्या याद्यांमधला आवडता शब्द, म्हणजे सर्वात खालचा बिंदू. तो अरबी 'नजीर' वरून आला, म्हणजे समोरासमोरचा, जोडीचा. आकाशात डोक्यावरच्या बिंदूच्या बरोबर समोर, पायाखालचा बिंदू. आता आपल्यात बेनझीर नावाच्या किती मुली आहेत? बे-नजीर, जिला जोड नाही अशी. तोच शब्द. आणि डोक्यावरच्या बिंदूला इंग्रजीत 'झेनिथ' म्हणतात, तो अरबी 'समत' चा अपभ्रंश, म्हणजे दिशा, वाट. 'सिफर' मधून झिरो आला आणि गुप्तलिपीचा 'सायफर' सुद्धा. 'मॅगझिन' हा मखजनवरून, म्हणजे कोठार. आपल्या मराठीतला खजिना त्याच मुळाचा. आणि 'मंगूस' हा इंग्रजी शब्द तर थेट मराठी मुंगसावरून गेला आहे.

हे सांगताना छाती फुगवायची नाही. सगळं ज्ञान आमच्याकडूनच गेलं, असलं काही मला म्हणायचं नाही. शब्द सगळीकडून सगळीकडे जातात. मराठीतले अर्ज, वकील, तारीख, जमीन, दफ्तर हे फारसी-अरबीतून आले आणि आज कोणाला ते परके वाटत नाहीत. मला एवढंच म्हणायचं आहे की इंग्रजी ही दुसऱ्याची कुंपण घातलेली जमीन आहे, हा धाक मनातून काढा.

दुसरी गोष्ट उजळणीची. मामूंचा मुलगा हिफ्ज करत होता. त्याचा दिनक्रम मी लहानपणापासून बघितला होता. आजचा नवा धडा तो सबक. गेल्या काही दिवसांचा तो सबकी. आणि जुनं झालेलं सगळं थोडं थोडं फिरवून म्हणायचं ती मंजिल. नवं कितीही गोड लागलं तरी जुनं रोज म्हणायचंच. जर्मनीत हर्मान एबिंगहाउस नावाच्या संशोधकानं निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केला. आपण सुरुवातीला झपाट्यानं विसरतो, मग हळूहळू. म्हणून विसरण्याच्या बेतात असताना पुन्हा आठवायचं, आणि दर वेळी अंतर वाढवायचं. 1970 च्या दशकात सेबास्टियन लाइटनर यांनी त्यासाठी खोक्यांची पद्धत सुचवली. मामूंच्या मुलाला यातलं एकही नाव माहीत नव्हतं, पण पद्धत माहीत होती.

मी शर्टाची तीन खोकी घेतली. पहिल्यातले पत्ते रोज. बरोबर आला की दुसऱ्या खोक्यात, ते दर तीन दिवसांनी. तिथेही बरोबर आला की तिसऱ्यात, ते आठवड्यातून एकदा. कुठेही चुकला की थेट पहिल्या खोक्यात परत. रोज दहा नवे शब्द, आठवड्यातले पाच दिवस, दोन दिवस फक्त उजळणी. आठवड्याला पन्नास, वीस आठवड्यांत हजार. 3500 ची गरज नाही. हजार शब्द खरोखर ओळखीचे असतील तर पुष्कळ झाले. ज्यांना पुठ्ठा कापायचा नाही त्यांनी फोनवर अँकी नावाचं अ‍ॅप घ्यावं, तत्त्व तेच आहे. पण पत्ते स्वतः बनवा. दुसऱ्याचे तयार पत्ते म्हणजे पुन्हा यादीच.

तिसरी गोष्ट, रिकाम्या जागेकडे कसं बघायचं. पर्याय आधी वाचायचे नाहीत. हातानं झाकायचे. वाक्य वाचायचं आणि त्या जागी आपला शब्द टाकायचा, मराठी, दखनी, जो सुचेल तो. समजा वाक्य असं आहे: 'जरी ते गृहस्थ सहसा ____ असत, तरी त्या दिवशी ते दोन तास बोलत राहिले.' 'जरी-तरी' आलं म्हणजे वाक्य पलटी मारणार. दोन तास बोलण्याच्या उलट काय? गप्प, मितभाषी. अम्मी म्हणेल, 'मुका'. आता पर्यायांवरचा हात काढा आणि मितभाषी शोधा. 'टॅसिटर्न' असेल किंवा 'लॅकॉनिक'. लॅकोनिया हा स्पार्टाचा प्रदेश, तिथली माणसं मोजकं बोलायची म्हणून हा शब्द. इंग्रजी वाक्यात ऑलदो, डिस्पाइट, बट दिसलं की पलटी. बिकॉज, देअरफोर, इनडीड दिसलं की तीच दिशा. निम्मं काम हे छोटे शब्द करतात आणि ते तुम्हाला आधीच येतात.

एका प्रकारात सहा पर्यायांतून दोन निवडायचे असतात, दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच झाला पाहिजे. एक बरोबर, एक चूक आला तर अर्धा गुण मिळत नाही. तिथे घाईत दोन समानार्थी शब्द दिसले की मुलं टिचकी मारतात, पण कधीकधी ती जोडी वाक्यातच बसत नाही. आधी वाक्य, मग जोडी. सरावासाठी ईटीएसच्या दोन पूर्ण सराव परीक्षा मोफत मिळतात. त्या शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवा.

आता एक प्रसंग सांगते. परीक्षेत त्याला गुण नाहीत, पण शब्द शिकण्याचं काम कुठपर्यंत जातं ते त्यातून कळेल.

'यूफेमिझम' म्हणजे अप्रिय गोष्ट गोड शब्दांत सांगणं. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, बांगडी वाढवली म्हणतात. दुकान बंद केलं म्हणायचं नसतं. अब्बा रोज रात्री म्हणतात, "दुकान बढाके आया." मी पत्त्याच्या मागे तेच वाक्य लिहिलं होतं. तेव्हा मी पुण्यात नोकरीला लागले होते आणि खोली शोधत होते. एक खोली पसंत पडली. मालकीणबाई प्रेमळ होत्या, चहा दिला, भाडं ठरलं. मग नाव विचारलं. मी सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "तसं काही नाही गं, पण आमच्या सोसायटीत जरा वेगळं वातावरण आहे." त्यांनी 'मुसलमान' हा शब्द उच्चारला नाही. त्यानंतर आणखी दोन ठिकाणी असंच झालं, शब्द वेगळे, गोडवा तोच.

त्या रात्री मी यूफेमिझमचा पत्ता काढला आणि 'दुकान बढाके आया' च्या खाली लिहिलं, 'वेगळं वातावरण'.

मला फार राग आला होता. पण त्या रागाला नाव मिळालं होतं आणि नाव मिळालेला राग हाताळता येतो. आपल्याशी कोणी काय केलं हे नेमक्या शब्दात सांगता आलं, की आपण निम्मे तरी सावरतो. आणि हे दोन्ही बाजूंनी लागू आहे. आपल्या घरांतही मुलीला पुढे शिकवायचं नसलं की 'जमाना खराब है' म्हणतात. तोही यूफेमिझमच.

तसाच आणखी एक शब्द, 'पराया'. उच्चार ऐकून आपलाच वाटेल, पण त्याचा आपल्या परक्याशी संबंध नाही. इंग्रजीत त्याचा अर्थ बहिष्कृत. तो तमिळमधून गेला, ढोल वाजवणाऱ्या एका जातीच्या नावावरून. एका समाजाचं नाव जगभर 'वाळीत टाकलेला' याचा प्रतिशब्द बनलं. परीक्षेत तो आला तर उत्तर द्या, पण स्वतः वापरताना तो कोणाच्या पाठीवरून चालत आला ते आठवा. यादीत शब्दांच्या पुढे हे लिहिलेलं नसतं.

पुढे काय झालं, थोडक्यात सांगते. 2017 मध्ये मी पुन्हा परीक्षा दिली. भाषेत 156 आले. फार मोठा आकडा नाही, पण माझ्या अभ्यासक्रमाला पुरेसा होता. पहिल्या वर्षी प्रवेश मिळाला, आर्थिक मदत मिळाली नाही, म्हणून गेले नाही. घरात कोणी काही बोललं नाही, पण मी दोन दिवस जेवले नाही. जीआरईचे गुण पाच वर्षं चालतात. पुढच्या वेळी संशोधन सहाय्यकाचं काम आणि फी माफी असं मिळालं, तेव्हा 2019 मध्ये गेले. शिकून परत आले. आज माझं काम आकडेवारीतला बायस शोधण्याचं आहे, म्हणजे माहिती कुठे उरेब कापली गेली आहे ते बघायचं. अब्बांना मी कामाचं स्वरूप सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हौ, मालूम है मेरेकू."

तिथल्या पहिल्या सेमिस्टरमध्ये मी चर्चेत 'सटल' हा शब्द मोठ्यानं वापरला. कोणी हसलं नाही, कोणाचं लक्षही गेलं नाही. बहुतेक प्रसंगी कोणी आपल्याकडे बघतच नसतं. आणि हसलंच कोणी, तरी योग्य उच्चार संध्याकाळपर्यंत कळतो. त्यासाठी दोन वर्षं तोंड बंद ठेवायची गरज नसते.

शेवटी एक काम देते. आज घरी जाऊन दहा पत्ते बनवा. मागे शब्दकोशातला अर्थ लिहा आणि त्याखाली तुमच्या घरातलं, धंद्यातलं, गल्लीतलं एक वाक्य. मग घरातल्या अशा माणसाला पत्ते द्या ज्याला इंग्रजी येत नाही, अम्मी असेल, दादी असेल, धाकटा भाऊ असेल. त्यांना सांगा, माझा सबक घ्या. त्यांना समजेपर्यंत समजावत राहा. ज्यांच्या घरी गॅरेज आहे, बेकरी आहे, शेती आहे, त्यांनी कान उघडे ठेवा. तुमच्या अब्बांच्या कामातही एखादा उरेब असेल. सापडला की मला जरूर कळवा, माझी खोकी अजून आहेत.

आता प्रश्न विचारा, आणि कृपा करून मोठ्यानं विचारा.